खुर्चीखालचा हत्ती: मध्ययुगीन चर्चमधले प्राणी काय सांगत होते?

ओवरी (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं मी इंग्लंडच्या नैऋत्येला एक्सेटर गावात राहते. गावात मोठं मध्ययुगीन कॅथीड्रल आहे. ड्यूटी संपली की अधूनमधून संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या रांगेत जाऊन बसते. मी ख्रिस्ती नाही, पण ते गाणं कानावर पडलं की दिवसभराचा शीण उतरतो.

तिथे एक हत्ती आहे. गायकवृंद बसतो त्या भागात मध्ययुगात लाकडी आसनं असत, बैठक बिजागरीवर वर उचलता येईल अशी. प्रार्थना तासन्तास उभ्यानं म्हणायच्या, त्यामुळे वयस्कर धर्मगुरूंचे पाय भरून येत. म्हणून बैठकीच्या खालच्या अंगाला एक चिमुकली फळी ठेवलेली असे. बैठक उचलली की ती फळी वर येते, तिच्यावर बूड टेकायचं, आणि लांबून बघणाऱ्याला माणूस उभाच दिसतो. या फळीला मिझेरिकॉर्ड म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दया. त्या फळीच्या खाली, एरवी कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुतारांनी कोरीवकाम केलेलं आहे. एक्सेटरचं हे काम तेराव्या शतकातलं, इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या कामांपैकी.

त्यातल्या एका फळीखाली हत्ती. सोंड आहे, सुळे आहेत, अंगाचा भारदस्तपणाही आहे. पण नजर खाली नेली की पायांना चक्क गाईचे खूर. आपण लहानपणापासून देवळासमोर, मिरवणुकीत, सर्कशीत हत्ती पाहिलेली माणसं. मला ते खूर बघून गलबलून आलं. ज्यानं आयुष्यात हत्ती पाहिला नाही त्यानं ऐकीव गोष्टीवरून इतक्या मायेनं तो कोरला होता. मग प्रश्न पडला, की हत्ती न पाहिलेल्या माणसाला देवाच्या घरात हत्ती कशासाठी हवा होता?

तिथून वाचत गेले ते अजून थांबलेले नाही. थोडक्यात सांगते.

ख्रिस्ती शिकवणुकीत प्राण्यांच्या गोष्टींचं मूळ ग्रीक भाषेतल्या ‘फिजिओलोगस’ नावाच्या छोट्या ग्रंथात आहे. तो इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला, बहुधा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. त्याची लॅटिन, सिरियाक, आर्मेनियन, इथियोपियाची गेझ अशी कितीतरी भाषांतरं झाली. त्यात पुढे सेव्हिलचा बिशप इसिदोर (मृत्यू ६३६) याच्या ज्ञानकोशातला मजकूर मिसळला आणि बाराव्या-तेराव्या शतकांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, ‘बेस्टियरी’ म्हणजे प्राण्यांच्या सचित्र पोथ्या तयार झाल्या. रचना आपल्या दृष्टान्तासारखी: आधी प्राण्याचा स्वभाव, मग त्यातून घ्यायचा बोध.

हत्तीची गोष्ट अशी. हत्तीच्या पायाला गुडघे नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो. शिकारी ते झाड आधीच अर्धवट कापून ठेवतात. हत्ती टेकतो, झाडासकट पडतो, आणि पडला की त्याला उठता येत नाही. तो आक्रोश करतो. एक मोठा हत्ती येतो, त्याला जमत नाही. मग बारा हत्ती येतात, त्यांनाही जमत नाही. शेवटी एक लहानसा हत्ती येतो, सोंड खाली घालतो आणि पडलेल्याला उठवतो.

आता अर्थ बघा. पडलेला हत्ती म्हणजे आदम, झाडामुळेच पडलेला. मोठा हत्ती म्हणजे मोशेचं नियमशास्त्र. बारा हत्ती म्हणजे संदेष्टे. लहान हत्ती म्हणजे स्वतःला लहान करून घेतलेला ख्रिस्त.

हे वाचलं आणि ती फळी माझ्यासाठी बदलून गेली. उभं राहून गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या खाली, दया नावाच्या फळीवर, न वाकणाऱ्या पायांचा प्राणी. सुतारानं हे जुळवून केलं असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गोष्ट माहीत असलेल्या कुणाच्या तरी मनात ते जुळलं असणारच.

मला वाटतं हे प्राणी शोभेचे म्हणून बघितले तर आपण अर्धंअधिक गमावतो. ती वाचायची अक्षरं होती. तुम्ही कुठे असं काही पाहिलं असेल तर इथे लिहा.

---

सरळरेघ | रविवार, सकाळी ८:०५

लेख आवडला, पण एक प्रामाणिक आक्षेप. हत्तीला गुडघे नसतात हे धडधडीत खोटं आहे. सिंहाचे छावे मेलेले जन्मतात आणि तिसऱ्या दिवशी बाप फुंकर मारून त्यांना जिवंत करतो, हेही मी कुठेतरी वाचलं होतं. आपल्याला हवा तो धर्मार्थ काढण्यासाठी निसर्गावर खोटं लादायचं आणि ते शतकानुशतकं लोकांना शिकवायचं, याचं कौतुक मला करवत नाही.

---

मोडीवाचक | रविवार, सकाळी १०:४०

सरळरेघ, आक्षेप रास्त आहे, पण त्या काळाचा प्रश्नच वेगळा होता. सृष्टी हा देवानं लिहिलेला दुसरा ग्रंथ, अशी त्यांची धारणा होती. बायबल हा एक ग्रंथ, सृष्टी हा दुसरा. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट व्हिक्टर मठातल्या ह्यूगोनं जग हे देवाच्या बोटानं लिहिलेलं पुस्तक आहे असं म्हणून ठेवलंय. लील गावच्या अलाननं तर जगातला प्रत्येक जीव आपल्यासाठी ग्रंथ, चित्र आणि आरसा आहे अशी कविता केली. बायबलातही ईयोबाच्या पुस्तकात ‘पशूंना विचार, ते तुला शिकवतील’ असं आहेच.

सिंहाचंच घ्या. त्याचे तीन स्वभाव सांगत. माग काढणारा शिकारी दिसला की तो शेपटीनं आपली पावलं पुसतो: देवानं माणूस होताना आपलं देवपण तसंच झाकलं. तो डोळे उघडे ठेवून झोपतो: क्रुसावर देह निजला, पण देवत्व जागं होतं. तिसरा स्वभाव तुम्ही सांगितलाच, छावे तिसऱ्या दिवशी जिवंत होतात: पुनरुत्थान. तिन्ही ऐकणाऱ्याच्या डोक्यात पक्के बसतात, कारण सिंह विसरता येत नाही.

आणि हाच सिंह दुसरीकडे सैतान होतो. बायबलातल्या पेत्राच्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा भक्ष्य शोधत फिरतो असं म्हटलंय. इटलीत व्हेरोनाच्या सान झेनो चर्चच्या दारात खांब पाठीवर घेऊन बसलेले सिंह आहेत. ते राखणदार, की धर्मानं दाबून टाकलेलं पाप? एका चिन्हाला एकच अर्थ असा कोश त्यांनी कधी केलाच नाही. सापही तसाच. एदेनच्या बागेतला साप सैतान, आणि मोशेनं वाळवंटात उंच उभारलेला पितळी साप ख्रिस्ताची खूण. अर्थ जागेवरून आणि शेजारच्या चित्रावरून ठरायचा.

---

ओवरी | रविवार, दुपारी ४:१५

मोडीवाचक, तीन स्वभावांची आठवण दिलीत, फार बरं वाटलं.

सरळरेघ, तुमच्या मुद्द्याला एक उत्तर त्या काळातच मिळतं. १२५५ साली फ्रान्सच्या नवव्या लुईनं इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला खराखुरा हत्ती भेट दिला. टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याच्यासाठी ४० फूट लांब आणि २० फूट रुंद घर बांधलं. सेंट आल्बन्सच्या मठातला इतिहासकार मॅथ्यू पॅरिस यानं त्या हत्तीचं चित्र काढलं. ते चित्र जरूर शोधून बघा. पायांचे सांधे त्यानं स्पष्ट दाखवलेत. मठातच वाढलेला, बिनगुडघ्यांच्या हत्तीची गोष्ट ज्याच्या कानावरून नक्कीच गेली असणार असा माणूस, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा त्यानं पाहिलेलंच काढलं. तो हत्ती बिचारा दोनच वर्षं जगला.

आणखी एक. समुद्रकाठच्या लाकडांना फळासारखे लटकून एक जातीचे बदक-हंस जन्मतात अशी समजूत होती. बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये काही बिशप उपवासाच्या दिवशी तो पक्षी खात, कारण मांसापासून जन्मलेला नाही तर मांस कसा, असं जेराल्ड ऑफ वेल्सनं लिहिलंय. पण तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि डॉमिनिकन पंथाचा आल्बर्ट या दोघांनीही ते खोडून काढलं. आल्बर्टनं त्या पक्ष्यांचं मीलन आणि त्यांची अंडी पाहिल्याचं सांगितलं. आल्बर्ट पुढे संत ठरला. म्हणजे तपासून बघणारी माणसं धर्माच्या आतच होती.

---

वाडीवरचा | रविवार, रात्री ९:३०

ओवरीताई, धागा वाचून राहवलं नाही. मी वसईचा, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामातल्या जुन्या चर्चमध्ये वेदीजवळ एक भरतकाम केलेला पडदा असायचा. पांढऱ्या रेशमावर सोनेरी धाग्यानं एक पक्षी. मान वाकडी करून स्वतःच्याच छातीत चोच खुपसलेली आणि खाली घरट्यात पिल्लं आ वासून. छातीवर लाल धाग्याचे तीन टाके. मी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) आईच्या मांडीवर बसून ते तीन टाके मोजत असे. हा पक्षी आपल्या पिल्लांना रक्त पाजतो, एवढंच तेव्हा कळायचं.

तो पेलिकन. जुन्या गोष्टीत पिल्लं मोठी होऊन आईबापांवर झडप घालतात, आईबाप रागानं त्यांना मारतात, मग तीन दिवस शोक करून आपली कूस फोडतात आणि रक्त शिंपडून पिल्लांना उठवतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसच्या नावावर असलेल्या स्तोत्रात येशूला ‘प्रेमळ पेलिकना’ अशी हाक आहे. ते स्तोत्र आजही गातात. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात पेलिकनच्या आकाराची पवित्र साक्रामेंत (मिस्सातली पवित्र भाकर) ठेवायची पेटी आहे. गेलात तर चुकवू नका.

आणि कोकरू. आमच्या मिस्सात रोज ‘देवाच्या कोकरा’ म्हणतो, ती प्रार्थना मिस्सात आणली ती सातव्या शतकाच्या अखेरीला पोप सर्जिउसनं. त्याच सुमाराला, ६९२ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं ठरवलं होतं की ख्रिस्ताला यापुढे कोकराच्या रूपात काढायचं नाही, माणसाच्या रूपातच काढायचं. रोमनं ते मानलं नाही. म्हणूनच पश्चिमेत कोकरू राहिलं, पार बेल्जियममधल्या गेंटच्या १४३२ च्या वेदीचित्रापर्यंत. तिथल्या कोकराच्या चेहऱ्यावर नंतरच्या लोकांनी रंग चढवला होता. अलीकडे तो काढला तेव्हा खालचा मूळ चेहरा दिसला: डोळे पुढे, थेट आपल्याकडे रोखलेले. माझ्या अंगावर काटा आला होता.

---

पाखरवाट | सोमवार, सकाळी ७:१०

वाडीवरचा, तीन टाके! काय लिहिलंत.

पक्षीनिरीक्षक म्हणून माझी भर. पेलिकनला आपल्याकडे झोळीवाला म्हणतात. चोचीखालच्या झोळीत तो माशांबरोबर बरंच पाणी भरून घेतो. मग चोच खाली करून छातीवर दाबतो आणि पाणी गाळून टाकतो. पिल्लं अन्नासाठी आईबापांच्या घशात अख्खं डोकं घालतात. काही जातींत विणीच्या हंगामात झोळी लालभडक दिसते. लांबून पाहणाऱ्याला छाती फोडून पाजतोय असं वाटणं अगदी शक्य आहे. गोष्ट इथूनच जन्मली असावी असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटतं.

मोराबद्दल कुणीच काही लिहिलं नाही? मोर हे अमरत्वाचं चिन्ह होतं. संत ऑगस्टिननं ऐकलं होतं की मोराचं मांस कुजत नाही. कार्थेजमध्ये त्याच्या पानात मोर वाढला गेला तेव्हा त्यानं छातीचा एक तुकडा बाजूला ठेवायला लावला. महिन्यानं बघितलं तर वास नाही. वर्षानं बघितलं तर फक्त थोडा सुकलेला आणि आकसलेला. त्याच्या मोठ्या ग्रंथात हे त्यानं स्वतः लिहिलंय.

---

शिवारातला | सोमवार, दुपारी १:५०

ताई, सिंह झाले, हत्ती झाले. बैल कुठे आहे का हो?

---

ओवरी | सोमवार, रात्री ११:४५

शिवारातला, आहे! आणि असा आहे की तुम्ही उठून बघायला जाल.

आधी शास्त्रातला बैल. चार शुभवर्तमानकारांची (येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांची) चार चिन्हं: मत्तयाचा मनुष्य, मार्काचा सिंह, लूकचा बैल आणि योहानाचा गरुड, चौघांनाही पंख. हे आले बायबलातल्या यहेज्केलाच्या दर्शनातून आणि प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायातून. लूकचं शुभवर्तमान मंदिरातल्या याजकापासून सुरू होतं, म्हणून त्याला बळीचा पशू. सुरुवातीला वाटणी पक्की नव्हती. दुसऱ्या शतकातल्या इरेनेउसनं मार्काला गरुड आणि योहानाला सिंह दिला होता. पुढे जेरोमची वाटणी रूढ झाली. फ्रान्समध्ये शार्त्रच्या पश्चिम दारावर, बाराव्या शतकाच्या मध्यातलं काम, मधे ख्रिस्त आणि भोवती हे चौघे. दार ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर.

पण मला तुम्हाला लाँचे बैल दाखवायचेत. लाँ हे फ्रान्सच्या उत्तरेला टेकडीवरचं गाव. तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यांवर, अगदी उंच, दगडाचे १६ बैल आहेत. देवदूत असायच्या जागी खांबांच्या मधून बैल मान बाहेर काढून खाली सपाटीकडे बघतायत. चर्चसाठी सामान ओढून टेकडीवर नेणाऱ्या बैलांची ही आठवण असं गावात सांगतात. बाराव्या शतकातल्या गिबेर नावाच्या मठाधिपतीनं एक प्रसंग लिहून ठेवलाय. चढावर गाडीचा एक बैल थकून कोसळला. गाडीवाल्याला काय करावं सुचेना. तेवढ्यात कुठूनसा दुसरा बैल आला, जुवाखाली उभा राहिला, गाडी वर नेली, आणि काम झाल्यावर आला तसा निघून गेला.

या बैलांना कुठल्या पोथीतला अर्थ नाही. राबलेल्या जनावराला मनोऱ्यावर बसवलं, एवढंच. मध्ययुगातल्या सगळ्या कोरीव प्राण्यांमध्ये मला हेच सगळ्यात जवळचे वाटतात.

---

शिवारातला | मंगळवार, सकाळी ६:३०

आमच्या ढवळ्यापवळ्याचा फोटो आणि लाँच्या बैलाचा फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवून वडिलांना दाखवला. वडील म्हणाले, शिंगं बरोबर काढलीत, कोरणाऱ्याच्या घरी बैल होता.

---

मांडवीतीर | मंगळवार, सकाळी ११:००

गोव्यातून हजेरी. ओवरींच्या हत्तीला मी गेंड्याची जोड देतो. काळ मध्ययुगाच्या शेवटच्या टोकाचा.

पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी हवी होती. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह यानं परवानगी दिली नाही, गेंडा दिला. तो गोव्यात आला आणि जानेवारी १५१५ मध्ये इथून जहाजानं निघाला. २० मे रोजी लिस्बनला पोचला. रोमन काळानंतर युरोपनं पाहिलेला बहुधा हा पहिलाच जिवंत गेंडा. पोर्तुगीज लोक त्याला ‘गांडा’ म्हणत, म्हणजे आपलाच शब्द. गेंडा आणि हत्ती हाडवैरी असं रोमन लेखक प्लिनीनं लिहिलं होतं, म्हणून पोर्तुगालच्या राजा मानुएलनं दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती पळून गेला. पुढे राजानं गेंडा पोप दहाव्या लिओला भेट पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडानं बांधलेलं जनावर, त्याला पोहायची संधीही मिळाली नाही. लिस्बनच्या बेलें मनोऱ्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, झिजलंय पण आहे. न्यूरेंबर्गच्या ड्यूरर या चित्रकारानं गेंडा न पाहता, आलेल्या पत्रावरून आणि रेखाटनावरून ठसा कोरला. अंगावर चिलखत, मानेवर जादा शिंग. एक्सेटरच्या खुरांचाच भाऊ.

---

मोडीवाचक | मंगळवार, दुपारी ३:२०

मांडवीतीर, गेंड्यावरून एकशिंग्या आठवलाच पाहिजे, कारण त्याचा माग हिंदुस्थानापर्यंत येतो.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारात क्तेसियास नावाचा ग्रीक वैद्य होता. तो स्वतः इकडे आला नाही, पण ऐकीव माहितीवर त्यानं हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं. त्यात एका शिंगाचं रानगाढव आहे, त्याच्या शिंगातून पाणी प्यायलं की विष बाधत नाही. पुढे बायबलचं ग्रीक भाषांतर करताना हिब्रूतल्या ‘रेएम’ या रानटी बैलासाठी ‘एकशिंगी’ असा शब्द घातला गेला. झालं, एकशिंग्या पवित्र ग्रंथात शिरला. मराठी बायबलात तिथे रानबैल आहे, तेच बरोबर.

फिजिओलोगसमध्ये गोष्ट अशी की हा प्राणी कुठल्याही शिकाऱ्याच्या हाती लागत नाही. फक्त कुमारिका समोर बसली की येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवतो. अर्थ: देव मरियेच्या उदरी आला. काही अभ्यासकांनी या गोष्टीचं नातं आपल्या ऋष्यशृंगाशी जोडलंय. डोक्यावर शिंग असलेला, रानात वाढलेला, आणि स्त्रीच्या मोहानं नगरात आणलेला तो मुनी. मला हे नातं पटतं. गोष्टी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालत जातात. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात १५०० च्या आसपास विणलेले एकशिंग्याच्या शिकारीचे पडदे आहेत. शेवटच्या पडद्यात तो जिवंत, डाळिंबाच्या झाडाला बांधलेला, बुटक्या कुंपणाच्या आत. उडी मारली तर सहज बाहेर जाईल.

---

कोवळी_उन्हं | मंगळवार, रात्री १०:१०

पॅरिसला नोत्र दामच्या गच्चीवर हाताच्या तळव्यात हनुवटी टेकून बसलेला शिंगवाला राक्षस पाहिला होता. त्याचा बोध काय?

---

ओवरी | बुधवार, पहाटे १:०५

कोवळी_उन्हं, तो मध्ययुगातला नाहीच. गच्चीवरचे ते सगळे विचित्र प्राणी एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकारानं जीर्णोद्धार करताना बसवले. खरे गार्गॉइल म्हणजे पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी पन्हाळी, तोंडातून पाणी ओकणारी.

पण खरे मध्ययुगीन राक्षसही ढिगानं आहेत आणि त्या काळातच त्यांच्यावर रागावलेला मोठा माणूस आहे: क्लेअरव्होचा संत बर्नार्ड. सुमारे ११२५ मध्ये त्यानं लिहिलं, की मठातल्या ओवऱ्यांमध्ये वाचत बसलेल्या साधूंच्या डोळ्यांसमोर ही घाणेरडी माकडं, हे क्रूर सिंह, हे अर्धे मानव कशाला? एका डोक्याला अनेक धडं, एका धडाला अनेक डोकी. पुस्तकापेक्षा संगमरवरच वाचावासा वाटतो आणि देवाच्या नियमाचं चिंतन सोडून अख्खा दिवस यांच्याकडे बघण्यात जातो. या मूर्खपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या!

मला हा उतारा अतिशय प्रिय आहे. बर्नार्डनं एकेक प्राणी इतका बारकाईनं सांगितलाय की तो स्वतः त्यांच्यासमोर थांबला होता हे उघड आहे. आणि ‘संगमरवर वाचणं’ हा शब्दप्रयोग त्याचाच.

दुसऱ्या टोकाला पोप ग्रेगरी. सन ६०० च्या आसपास मार्सेच्या बिशपनं चर्चमधली चित्रं फोडली तेव्हा ग्रेगरीनं त्याला लिहिलं, की ज्यांना अक्षर येत नाही ते भिंतीवर वाचतात. दक्षिण इटलीत तर ईस्टरच्या रात्री वाचायच्या लांबलचक गुंडाळ्या होत्या, त्यांत मजकूर सुलटा आणि चित्रं उलटी. धर्मगुरू वाचत वाचत गुंडाळी व्यासपीठावरून खाली सोडायचा, की समोरच्या लोकांना चित्रं सुलटी दिसायची. त्यांत मधमाश्यांचंही चित्र असे, कारण ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीचं मेण त्यांनी दिलेलं.

---

एल्बकाठ | बुधवार, दुपारी २:३५

चार दिवस वाचतोय. लिहावं की नाही असं झालं होतं, पण ओवरींनी ‘वाचायची अक्षरं’ म्हटलं म्हणून लिहितो. त्या अक्षरांत शिव्याही लिहिल्या गेल्या.

मी जर्मनीत राहतो. विटेनबर्गच्या शहर चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, सुमारे १३०५ चं एक शिल्प आहे. डुकरीण उभी आहे. टोकदार टोप्या घातलेले ज्यू तिला लुचतायत आणि एक जण तिची शेपटी उचलून मागे बघतोय. डुक्कर हा ज्यूंना निषिद्ध प्राणी, म्हणून मुद्दाम तोच निवडला. याच चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर प्रवचनं करत असे आणि १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिताना त्यानं या शिल्पाचा दाखला दिला. जर्मनीत असं हे एकटं शिल्प नाही, रेगेन्सबुर्गलाही आहे.

१९८८ मध्ये शिल्पाच्या खाली जमिनीवर स्मारक बसवलं. ते शिल्प काढून टाकावं म्हणून एका ज्यू नागरिकानं दावा लावला. जून २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ते काढण्याची सक्ती नाही असा निकाल दिला, खालचं स्मारक आणि माहितीफलक आहे म्हणून. मी तिथे उभा होतो तेव्हा शाळेची सहल आली होती. शिक्षिका खालचा फलक वाचून दाखवत होती आणि मुलं मात्र माना वर करून डुकरिणीकडेच बघत होती.

---

ओवरी | बुधवार, रात्री ११:५५

एल्बकाठ, लिहिलंत ते फार बरं केलंत. हे आधी मीच लिहायला हवं होतं, कारण मी वाचलेल्या पोथ्यांतही ते आहे. घुबड अंधार पसंत करतं, म्हणून प्रकाश नाकारणारे ज्यू. तरस कधी नर असतो कधी मादी, प्रेतं उकरतो, म्हणून पुन्हा ज्यू. इंग्लंडमधल्या नॉरिच कॅथीड्रलमध्ये एका मिझेरिकॉर्डवर घुबडाला लहान पक्षी घेरून छळताना कोरलंय. मी फोटो पाहिला तेव्हा निसर्गातला प्रसंग म्हणून कौतुक केलं होतं, दिवसा घुबड दिसलं की पाखरं खरंच तसं करतात. पण त्या काळच्या माणसाला हा अर्थ माहीत असेल तर त्याला तिथे गावातले शेजारी दिसले असतील. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनं ज्यूंनी वेगळा पेहराव करावा असा नियम केला. १२९० मध्ये इंग्लंडमधून सगळ्या ज्यूंना घालवून दिलं. सगळ्यात सुंदर पोथ्या रंगवल्या गेल्या त्या याच शतकात.

ॲबर्डीन विद्यापीठात १२०० च्या सुमाराची एक पोथी आहे, तिची पानं संगणकावर बघता येतात. तिच्यातल्या काही चित्रांच्या कडेनं सुईनं बारीक भोकं पाडलीत. खाली कागद ठेवून भोकांवर कोळशाची पूड चोळायची, की चित्र दुसऱ्या पोथीत उतरतं. पेलिकनही असाच उतरत गेला आणि तरसही. हात तेच होते. मला पेलिकनवर प्रेम करायचं असेल तर तरसाचं पान उलटून पुढे जाता येणार नाही.

---

सरळरेघ | गुरुवार, सकाळी ८:४०

ओवरी, माझा पहिला आक्षेप मी थोडा बदलतो. हत्तीच्या गुडघ्याबद्दलचं खोटं हत्तीला दुखवत नव्हतं. घुबडाबद्दलचं खोटं माणसांना दुखवत होतं. मी दोन्ही एकाच तागडीत टाकली होती.

कोल्ह्याबद्दल कुणी लिहिणार होतं का?

---

मोडीवाचक | गुरुवार, दुपारी १२:१५

कोल्हा माझ्याकडे. पोथीत कोल्हा तांबड्या मातीत लोळून, श्वास रोखून मेल्याचं सोंग करतो. पक्षी टोचायला आले की पकडतो. तो सैतान. यॉर्कशरमधल्या ऑलन गावच्या चर्चच्या दारावर बाराव्या शतकात हे प्राणी नावानिशी कोरलेत, कोल्ह्याच्या शेजारी लॅटिन अक्षरांत ‘कोल्हा’ असं लिहिलेलं. पोथीतून दारापर्यंतचा रस्ता याहून स्पष्ट कुठे दिसेल?

पुढे हाच कोल्हा व्यासपीठावर चढला. यॉर्कशरमध्येच रिपन आणि बेव्हर्लीच्या मिझेरिकॉर्डवर तो पक्ष्यांना प्रवचन देतोय. ढोंगी प्रवचनकारांवरची ही टीका चर्चच्या आतच, धर्मगुरूंच्या आसनाखाली कोरलेली. ती खपवून घेतली गेली, किंबहुना पैसे देऊन करून घेतली, हे मला त्या संस्थेबद्दल बरंच काही सांगून जातं.

---

पाखरवाट | रविवार, संध्याकाळी ७:२५

आज पहाटे भिगवणला गेलो होतो, मुद्दाम झोळीवाले बघायला. पाच होते. होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. पाऊण तास काही नाही. मग एकानं पाण्यात चोच घातली, झोळी टम्म फुगली. डोकं वर आणलं आणि हळूहळू मान वाकवून चोचीचं टोक छातीवर टेकवलं. तसाच थांबला. चोचीच्या दोन्ही कडांनी पाणी निथळत होतं आणि ऊन तिरपं होतं, त्यामुळे धार चकाकत होती. मग एक गचका, मासा आत. चार फोटो टाकलेत. वाडीवरचा, दुसरा फोटो बघा.

---

वाडीवरचा | रविवार, रात्री १०:५०

पाहिला. आईलाही दाखवला. तिनं चष्मा लावून फोटो मोठा करायला लावला आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, मान अशीच होती आपल्या पडद्यावर. मग म्हणाली, ते लाल टाके उसवले होते तेव्हा मीच पुन्हा घातले होते, तू लहान होतास. आधी पाच होते, माझ्याकडे धागा तिनांपुरताच होता.